तिघांत ‘नाही’ कोण म्हणालं?

मंडळी, या सदरातले अनुभव मी गेली पाच-सहा वर्षं न चुकता वाचतोय. आणि प्रत्येक अनुभवाखाली "याला काही पुरावा?" अशी कॉमेंट टाकणारा जो एक खडूस माणूस आहे ना... तो मीच. तेव्हा आता माझ्यावर तोंडसुख घ्यायला सगळ्यांना मोकळीक आहे. भूत, पिशाच, चकवा, संकेत, यातलं काहीही मी आजवर मानलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मानतो असं म्हणवत नाही. फक्त जे झालं ते क्रमाने लिहून काढतो.

आधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण त्याचा इथे संबंध आहे. मी जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांच्या आवाजांवर काम करतो. नव्या गाडीत कुठेतरी किरकिर येते, दाराच्या आत खडखडतं, ठरावीक वेगाला घुंई ऐकू येते - मग आमच्याकडे गाडी येते, आम्ही माइक लावतो आणि तो आवाज नेमका कुठून येतो ते शोधतो. सतरा वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो. आवाज आला म्हणजे त्याला स्रोत असतो. सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नाही. "मला ऐकू आलं" याला आमच्या खात्यात काडीची किंमत नाही, रेकॉर्डिंग दाखवा.

आता डोंगराचं. मी मूळचा जळगावचा, बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो. पण मुलगी ईरा इथेच वाढली, शाळेच्या सहलीत स्की शिकली आणि बाराव्या वर्षी तिला लिफ्टची रांग नको झाली. तिला टूर करायची होती. म्हणजे स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची, तिच्या जोरावर दोन-तीन तास डोंगर चढायचा, वर पोचल्यावर पट्टी काढायची आणि कोणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं. लिफ्ट नाही, आखलेला मार्ग नाही, आणि हा उतार सुरक्षित आहे असं सांगणारं कोणीही नाही. एकटी पाठवणार कशी? म्हणून छत्तिसाव्या वर्षी मीही पायाला फळ्या बांधल्या. पहिल्या मोसमात किती वेळा पडलो ते ईरा अजून पाहुण्यांना रंगवून सांगते.

माझी बायको मुग्धा हिची एकच अट होती. आधी हिमस्खलनाचा कोर्स करा, मग कुठे जायचं तिथे जा. दोन वर्षांनी, मला स्की जरा जमायला लागल्यावर, आम्ही तो केला - मी, ईरा आणि माझा मित्र मिलिंद. मिलिंद आणि मी सांगलीला कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलो. तो आता न्युरेम्बर्गला असतो, टर्बाइनमधला माणूस, एकटा जीव, आणि ईराचा सगळ्यात लाडका काका.

कोर्स घेणारी बाई सत्तरीच्या आसपासची होती. सगळे तिला रेझी म्हणत. तिने बर्फ खणायला शिकवलं, थर ओळखायला शिकवलं, उताराचा कोन मोजायला शिकवलं. पण शेवटच्या दिवशी म्हणाली, की माणसं बर्फाच्या अज्ञानाने मरत नाहीत, एकमेकांच्या भिडेने मरतात. मग तिने तिचा नियम सांगितला. कुठल्याही उतारावर जायच्या आधी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने मोठ्याने बोलायचं, हो की नाही. सगळ्यात लहान माणूस आधी, म्होरक्या सगळ्यात शेवटी, म्हणजे कोणी त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देणार नाही. आणि एक ‘नाही’ पुरे. एक जरी ‘नाही’ आलं की सगळ्यांनी वळायचं. का म्हणालास, काय दिसलं, हे तिथे विचारायचं नाही. विचारलं की वाद होतो आणि वादात ‘नाही’ हरतं. "गेफ्राग्ट व्हिर्ड आम आउटो," ती म्हणायची. जे काय विचारायचं ते गाडीपाशी.

आम्हाला हा नियम फार आवडला. पुढे आम्ही त्याचं काय केलं ते मात्र रेझीने पाहिलं असतं तर कान धरले असते. मिलिंद कधी ‘हो’ म्हणायचाच नाही. तो म्हणायचा, "चालेल." पाहुण्यांकडे चहा घेणार का विचारल्यावर म्हणतात तसं. मग मीही ‘चालेल’ म्हणायला लागलो. आणि ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, त्यातून बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात वाढलेली. ती म्हणायची, "पास्ट." इथे कशालाही म्हणतात तो शब्द - ठीक आहे, जमेल, असू दे. थोडक्यात तिचंही ‘चालेल’च. तीन वर्षं आम्ही प्रत्येक उतारावर हे म्हणत आलो आणि एकदाही कोणी ‘नाही’ म्हटलं नाही. दर वेळी सुखरूप खाली आलो, त्यामुळे नियम व्यवस्थित पाळला जातोय असंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला शनिवार. आल्गॉयमध्ये बाल्डरश्वांग म्हणून छोटं गाव आहे, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून. त्याच्या वरच्या एका धारेवर जायचं ठरलं होतं. शिखराचं नाव देत नाही, कारण लोक जाऊन बघतील आणि तसं तिथे काही बघण्यासारखं नाही. मिलिंद आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे आला होता. पहाटे निघालो, नऊच्या सुमारास गाडी लावली. ईरा तेव्हा सतरा वर्षांची होती, आबिटूरच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, परीक्षेचं वर्ष, महिनाभर पुस्तकातून डोकं वर काढलं नव्हतं. त्या एका दिवसाची ती किती वाट बघत होती ते मला माहीत होतं.

त्या दिवशीच्या हिमस्खलन अहवालात धोक्याची पातळी दोन होती. पाचपैकी दोन, मध्यम. खाली एक ओळ होती - सावलीतल्या उतारांवर जुन्या बर्फात कमकुवत थर, जागा थोड्या पण ओळखायला कठीण. मी ती ओळ वाचली होती, गाडीत मोठ्याने वाचूनही दाखवली होती. मिलिंद म्हणाला, "थोड्या आहेत ना? मग बास." आणि डबा उघडून गुळपोळी पुढे केली.

गाडीपाशी एकमेकांची यंत्रं तपासली. छातीवर बांधायचं हे छोटं यंत्र सतत सिग्नल देत राहतं, म्हणजे कोणी गाडलं गेलं तर बाकीच्यांना शोधता येतं. तिन्ही वाजली. मी माझ्या सवयीप्रमाणे कॉलरला छोटा माइक लावला आणि फोन आतल्या खिशात ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. थंडीत हातमोजे काढून वहीत लिहिण्यापेक्षा मी निरीक्षणं बोलून ठेवतो.

"सुहाश्या निघाला कीर्तनाला," मिलिंद मला चिडवत म्हणाला. हे तो दर वेळी म्हणतो.

चढायला अडीच तास लागले. ऊन स्वच्छ, वारा जवळपास नाही. धार वर जवळजवळ सपाट आहे, आणि तिच्या ईशान्येला आम्हाला उतरायचा होता तो उतार, चौतीस-पस्तीस अंशांचा, पूर्ण सावलीत. त्यावर स्कीची एकही रेघ नव्हती. मधोमध तीन फरची झाडं होती. ठरलं असं होतं की ईराने आधी एकटीने त्या झाडांपर्यंत जायचं, थांबायचं, मग आम्ही एकेक करून. पहिली रेघ तिची. गेल्या वाढदिवसाला तिने काही मागितलं नव्हतं, तेव्हा मीच हे कबूल केलं होतं.

उताराच्या वरच्या कडेला मी खड्डा खणला आणि चाचणी केली. ही चाचणी सोपी असते. बर्फाचा हातभर रुंदीचा खांब मोकळा करायचा, त्यावर फावडं आडवं ठेवायचं आणि टपल्या मारायच्या. दहा नुसत्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. किती टपल्यांना खांब तुटतो ते मोजायचं. लवकर तुटला तर वाईट, उशिरा तुटला तर बरं. पण एवढंच नाही, कसा तुटला हेही बघायचं असतं. वाकडातिकडा, खडबडीत तुटला तर तितकी काळजी नाही. ड्रॉवर सरकतो तसा सरकन गुळगुळीत सुटला, तर थर फसवा आहे, आणि मग आकडा कितीही चांगला असला तरी त्यावर विसंबायचं नाही.

आमचा खांब बाविसाव्या टपलीला तुटला. सरकन.

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे. "बावीस. ग्लाट." म्हणजे गुळगुळीत. मग थोडं थांबून, "पण बावीस आहे." हे ‘पण’ मी नंतर किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. ते ऐकलं की आजही मला स्वतःची लाज वाटते. ऑफिसात ज्युनिअर मुलाने असा रिपोर्ट आणला असता तर मी त्याला उभ्या उभ्या परत पाठवला असता.

मिलिंदने विचारलं, "बावीस म्हणजे चांगलं ना?"

"बऱ्यापैकी," मी म्हणालो.

ईरा खड्ड्यात वाकून तो सुटलेला थर बोटाने चाचपत होती. साखरेसारखे सुटे कण होते. मग ती उठली आणि स्कीची पट्टी काढायला लागली.

सगळी तयारी झाली. धारेच्या सपाट भागावर, कडेपासून सहा-सात मीटर आत आम्ही उभे होतो. ईरा माझ्या समोर, मिलिंद डावीकडे. उजवीकडे कोरा बर्फ. मी इथल्या सवयीने ‘चला तर’ अशा अर्थी विचारलं, "आल्झो... बोला."

ईरा म्हणाली, "पास्ट."

मिलिंद म्हणाला, "चालेल."

आता माझी पाळी. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. तो गुळगुळीत थर डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पण मिलिंद न्युरेम्बर्गहून आलेला, पोर महिनाभर वाट बघत असलेली, पातळी दोन, ऊन असं की काय सांगू, आणि आतापर्यंत दोघांनीही होकार दिलेला. मी तोंड उघडलं होतं. ‘चालेल’ जिभेवर आलं होतं.

आणि ऐकू आलं, "नाही."

ओरडून नाही, घाबरून नाही. साधं, जवळून, शांतपणे. भाजी वाढू का म्हणून विचारल्यावर पोट भरलेला माणूस म्हणतो तसं. मी नियमाप्रमाणे कोणाकडेही न बघता म्हणालो, "बरं. नाही म्हटलं की नाही. पट्ट्या लावा, आल्या वाटेने परत."

"मान, बाबा!" ईरा जर्मनमध्ये चिडली, ‘काय रे हे’ अशा अर्थी. काठी बर्फात आपटली. पण तीही तीन वर्षं नियमात वाढलेली, वाद घालणारी नव्हे. वळली. मिलिंदही वळायला लागला.

त्याने स्की उचलून बाजूला टेकवली आणि पायाखाली घुम्म झालं. ज्यांनी तो आवाज ऐकला नसेल त्यांना कसा सांगू... तो कानापेक्षा पोटात ऐकू येतो. आपण उभे आहोत ती सगळी जमीन एक बोटभर खाली बसते. खालचा कमकुवत थर कोसळतो आणि ते कोसळणं बर्फाखालून पसरत जातं. ते आमच्यापासून कडेकडे गेलं. कडेच्या पलीकडे आडवी भेग पडली, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, आणि उतार सुटला. अख्खा. एकसंध फरशी उचलून सोडावी तसा आधी सरकला, मग तुकडे झाले, मग नुसता पांढरा धूर. आम्ही सपाटीवर होतो म्हणून जागेवरच राहिलो.

धूर बसला तेव्हा तीनपैकी दोन झाडं नव्हती.

मी ईराच्या जॅकेटची बाही धरून उभा होतो. कधी धरली ते आठवत नाही. ती म्हणाली, "बाबा, लास लोस," सोड. मला सोडता येईना.

नंतर रेकॉर्डिंगवर मोजलं. माझ्या "परत" या शब्दापासून घुम्मपर्यंत एक्केचाळीस सेकंद. झाडांपर्यंत जायला ईराला मिनिटभर लागलं असतं. तेव्हा ती बरोबर मध्ये असती. याच्यापुढचं मी लिहीत नाही.

आल्या वाटेने उतरलो. दीड तास लागला. गाडीपाशी पोचल्यावर ईराने स्की काढल्या, माझ्यापाशी आली आणि मिठी मारली. लहानपणी मारायची तशी, सगळं अंग टाकून. म्हणाली, "डांके, बाबा." आणि मघाशी चिडल्याबद्दल सॉरी.

मी म्हणालो, "मला कसलं थँक्यू? काकाला म्हण. नाही काका म्हणाला."

मिलिंद थर्मासचं झाकण फिरवत होता. थांबला. "मी? मी चालेल म्हणालो की रे. तू म्हणालास ना नाही."

"मी काहीच म्हणालो नव्हतो. माझी पाळी होती, तेवढ्यात तू..."

"सुहाश्या, माझं बोलून झालं होतं. मी दोनदा कशाला बोलेन?"

दोघांनी ईराकडे पाहिलं. ती म्हणाली, "इश? नाईन." मी? नाही. तिने तर पास्ट म्हटलं होतं. तिला वाटलं होतं बाबाच बोलला. "मग काय ऐकलंस तू?" मी विचारलं. "नाईन ऐकलंस की नाही ऐकलंस?" तिने खूप आठवून बघितलं. दोन भाषांत वाढलेल्या मुलांचं असं होतं, अर्थ लक्षात राहतो, भाषा राहत नाही. म्हणाली, माहीत नाही, पण कोणीतरी म्हणालं हे शंभर टक्के.

मिलिंद हसायला लागला. मग हसणं मध्येच बंद झालं. चहा तसाच राहिला.

घरी मुग्धाला सगळं सांगितलं. ती ईराच्या खोलीत गेली आणि बराच वेळ तिच्या पलंगावर बसून राहिली. परत आल्यावर म्हणाली, "कोण म्हणालं याचा कीस कशाला पाडताय? म्हणालं ना कोणीतरी." तिच्या दृष्टीने विषय संपला. माझा संपेना. आवाज आला म्हणजे स्रोत असतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून फाईल उघडली. आमच्याकडे असले हेडफोन आहेत की डॅशबोर्डमागचा सैल स्क्रू ऐकू येतो. आल्झो... बोला. स्पष्ट. पास्ट, स्पष्ट. चालेल, स्पष्ट. त्यानंतर साडेतीन सेकंद काहीही नाही. म्हणजे अगदी शांतता नाही, माझा श्वास आहे, जॅकेटचा घासल्याचा आवाज आहे, कुठेतरी बर्फ टिचल्याचा बारीक टक् आहे. आणि मग माझा आवाज, "बरं. नाही म्हटलं की नाही." मी कोणालाच उत्तर देत नसल्यासारखा बोलतोय. पुढचं घुम्म मात्र फाईलमध्ये उत्तम आलंय.

ते साडेतीन सेकंद मी पडद्यावर ताणून पाहिले, सगळ्या फिल्टरांतून काढले. माणसाच्या आवाजाची एक विशिष्ट नक्षी दिसते, ती नाही. मीच नकळत पुटपुटलो असेन म्हणावं तर माइक माझ्या हनुवटीखाली होता, माझी कुजबुजही त्याने सोडली नसती. भास म्हणावा तर तिघांना, एकाच क्षणी, एकच? आणि दिशा... माझा धंदाच तो आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो. मला तो आवाज उजवीकडून आला, उतार सुटल्याच्या धक्क्यात हे आधी ध्यानातच आलं नव्हतं. दोन-तीन मीटरांवरून. उजवीकडे कोरा बर्फ होता. वळताना मी पाहिला होता, त्यावर पक्ष्याच्या पायाचीही खूण नव्हती.

काही आठवड्यांनी मिलिंदचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "एक सांगू? मला त्या दिवशी जायचं नव्हतं रे. तू ग्लाट म्हणालास तेव्हाच माझं मन कच खायला लागलं होतं. पण पोरगी इतकी खूश होती... म्हटलं कशाला मोडता घाला." मी त्याला माझंही सांगितलं. मग रात्री जेवताना ईराला विचारलं. ती ताटातला भात चिवडत राहिली. म्हणाली, तो थर बोटाला लागला तेव्हाच तिला नको वाटलं होतं. पण बाबाने एवढं ठरवलंय, काका एवढा लांबून आलाय. म्हणून "पास्ट."

म्हणजे तिघांनाही नको होतं आणि तिघेही एकमेकांसाठी निघालो होतो. त्या रात्री माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. घाबरून नव्हे, आपण किती प्रेमाने पोरीला तिथे ढकलणार होतो याने. त्या दिवसापासून आमच्या घरात कशालाही ‘चालेल’ म्हणायला बंदी आहे. आमटी हवी तर हो म्हणा, नको तर नाही म्हणा. गेल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, त्यांना आधी हा काय उद्धटपणा ते कळेना. मुग्धाने समजावलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, मग मला तो तुमचा दुधीचा हलवा नको होता, मी उगाच तीन दिवस खाल्ला."

इथपर्यंतचं असतं तर मी लिहिलं नसतं. मनाची काहीतरी समजूत घातली होती. तिघांच्या मनात एकच गोष्ट इतकी दाटून आली की तिघांना ती ऐकू आली, असं काहीतरी. याला पुरावा नाही, पण निदान वाक्य तरी पूर्ण होत होतं.

मग या हिवाळ्यात परत गेलो. ईरा आता स्टुटगार्टला शिकते, सुट्टीत आली होती. मुग्धाला वाटत होतं आम्ही जाऊ नये, पण ती अडवणारी नाही. डोंगर दुसरा, धोक्याची पातळी एक. चाचणी केली, तिसाव्या टपलीलाही खांब उभा. माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. मिलिंदच्याही नव्हती, तो दोन गुळपोळ्या खाऊन खुशीत होता. कॉलरला माइक होता, कीर्तनाचा विनोदही झाला. उभे राहिलो. मिलिंद समोर, ईरा योगायोगाने माझ्या उजवीकडे, दोन-तीन मीटरांवर.

"बोला."

ईरा म्हणाली, "नाही."

मराठीत. जी पोरगी आयुष्यभर मला जर्मनमध्ये उत्तर देत आली, ती. ओरडून नाही, घाबरून नाही. साधं, जवळून, शांतपणे.

मी मिलिंदकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता आणि तो ईराकडे नाही, माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी ऐकला तो हाच आवाज. ईराच्या तोंडून मराठी ‘नाही’ कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून तेव्हा दोघांनाही ओळखू आला नव्हता. हीच पट्टी, हाच ‘ही’ थोडा तोडलेला.

आम्ही वळलो. आल्या वाटेने उतरलो. तो उतार सुटला नाही. त्या दिवशी सुटला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, संध्याकाळी खालून पाहिलं तर दुसऱ्याच कोणाच्या तरी चार रेघा त्यावरून मजेत खाली आलेल्या दिसल्या. तेव्हा त्या ‘नाही’ने आम्हाला वाचवलं असं मी म्हणत नाही.

गाडीपाशी आलो. नियमाप्रमाणे आता विचारायला हरकत नव्हती. आम्ही दोघंही बूट काढत बसलो. शेवटी ईराच म्हणाली, "फ्राग्ट कायनर?" कोणी विचारणार नाही?

मिलिंद म्हणाला, "का म्हणालीस गं?"

ती खांदे उडवून जर्मनमध्येच म्हणाली, "वाइस निश्ट, माहीत नाही. कारणच नव्हतं काही. आपोआप आलं तोंडून." मग जरा हसून, "आणि तेही मराठीत, ना? कोमिश." म्हणजे विचित्र.

आम्ही तिला काही सांगितलं नाही. ती हे सदर वाचत नाही, मराठी वाचायचा तिला कंटाळा आहे, म्हणून इथे लिहितोय.

आता माझ्याकडे दोन फाईली आहेत. एकीत ईराचं ‘नाही’ आहे, स्वच्छ, उजव्या बाजूने, दोन-अडीच मीटरांवरून आलेलं. दुसरीत, दोन वर्षांपूर्वीच्या फाईलमध्ये, त्याच जागी साडेतीन सेकंद माझा श्वास आहे. तुलना करायची तर दोन आवाज लागतात. माझ्याकडे एक आवाज आहे आणि दोन माणसांचे कान आहेत, आणि कानांना आमच्या खात्यात किंमत नाही हे मी वर लिहिलंच आहे.

तेव्हा कॉमेंटमध्ये कोणी "याला काही पुरावा?" असं विचारलं, तर माझं उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. नाही.